पिवळी फीत, तांदळाची पेटी आणि जमिनीवरचा गणपती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दक्षिण कोरियाच्या पॉप गाण्यांतला ‘दडलेला अर्थ’ उलगडून दाखवणारा मजकूर मराठीतही आता बराच येऊ लागला आहे. त्यातला पुष्कळसा भाग त्रिकोण, हाताने झाकलेला एक डोळा आणि कुठलीशी जागतिक गुप्त मंडळी यांच्यापुढे सरकत नाही. या व्हिडिओंत खुणा पेरलेल्या असतात, याविषयी वाद नाही. पण त्यांची किल्ली बहुधा कोरियन भाषेत, कोरियाच्या इतिहासात किंवा गाणे आले त्या महिन्याच्या बातम्यांत असते, आणि नेमके तिकडेच कुणी फिरकत नाही.

‘बीटीएस’ या कोरियन गटाचे ‘स्प्रिंग डे’ हे गाणे घ्या. मूळ नाव ‘बोमनाल’, म्हणजे वसंतातला दिवस. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी ते आले. व्हिडिओ ‘लुम्पेन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाचा. बर्फातले ओसाड रेल्वे स्थानक, रुळाला कान लावणारा मुलगा, ‘ओमेलास’ अशी पाटी मिरवणारे लॉज, पिवळ्या फिती बांधलेला जत्रेतला घोड्यांचा पाळणा, समुद्रकाठचे बूट, कपड्यांचा ढीग आणि शेवटी निष्पर्ण झाडाला टांगलेले बूट. चाहत्यांत सर्वांत रुजलेला अर्थ असा, की हे ‘सेवोल’ जहाजाच्या दुर्घटनेचे शोकगीत आहे. इंचनहून जेजू बेटाकडे निघालेले हे जहाज १६ एप्रिल २०१४ रोजी बुडाले आणि ३०४ जण गेले. त्यांतले २५० आन्सान शहरातल्या दानवन हायस्कूलचे, सहलीला निघालेले विद्यार्थी होते. जहाज कलंडत असताना ‘जागेवरून हलू नका’ अशी सूचना त्यांना दिली जात होती.

हा अर्थ पटण्यासारखा आहे. मात्र त्याच्या बाजूने दिले जाणारे सगळे पुरावे एका तोलाचे नाहीत, आणि हा फरक कुणी सांगत नाही.

पिवळी फीत हा भक्कम पुरावा. २०१४ च्या वसंतापासून कोरियात पिवळी फीत म्हणजे सेवोल, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. बॅगेला, गाडीला, चौकातल्या दोरीला ती बांधलेली दिसे. गाणे आले तेव्हा जहाज अजून समुद्रतळाशीच होते. ते वर काढले गेले मार्च २०१७ मध्ये, म्हणजे गाण्यानंतर महिना-सव्वा महिन्याने. नऊ जणांचा तोवर पत्ता लागला नव्हता. वसंताची, कुणाच्या तरी परतण्याची वाट पाहणारे गाणे त्या फेब्रुवारीत सोलमध्ये ऐकणाऱ्याला कुठलीही किल्ली लागत नव्हती. आपल्याला लागते, कारण आपण ते वर्षांनंतर आणि तारखेविना पाहतो.

बुटांचा पुरावा मध्यम. दुर्घटनास्थळाजवळच्या फेंगमोक बंदरावर पालकांनी न परतलेल्या मुलांसाठी नवे बूट आणून ठेवले होते; त्याची छायाचित्रे त्या काळी सर्वत्र होती. पण कोरियन मालिकांत पाण्याकाठी काढून ठेवलेले बूट हा ‘माणूस गेला’ हे सांगण्याचा रूढ संकेतही आहे. म्हणजे बूट मृत्यूकडे नेतात, एका ठराविक जहाजाकडे नेतीलच असे नाही.

‘ओमेलास’ला तर दडलेले म्हणताच येत नाही. पाटीवर ठळक अक्षरांत नाव आहे. अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या १९७३ च्या कथेतले हे शहर. त्या शहराचे सगळे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर उभे आहे. हे कळल्यावर काही जण निमूटपणे शहर सोडून जातात. कथा आठ-दहा पानांची आहे. ती न वाचता ‘ओमेलास म्हणजे स्वर्ग’ असे ठोकून देणारेच जास्त भेटतात. रेल्वेगाडीचेही तसेच. बाँग जून-हो यांच्या २०१३ च्या चित्रपटाचे ‘सल्गुक-यल्छा’, म्हणजे हिमप्रदेशाची गाडी, हे कोरियन नाव गाण्याच्या शब्दांतच आहे. गाडी जहाजाचे रूपक आहे असे म्हणण्याआधी शब्द तेवढे वाचावेत.

आणि घड्याळ हा सर्वांत कच्चा पुरावा. व्हिडिओतल्या घड्याळाचे काटे दुर्घटनेच्या अमुक क्षणाशी जुळतात, असे सांगणारे बरेच. जहाज सकाळी पावणेनऊच्या सुमारास कलंडू लागले आणि साडेदहाच्या आसपास पाण्याखाली गेले. या सुमारे १०० मिनिटांतल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची नोंद उपलब्ध आहे. घड्याळाच्या तबकडीवर एकूण मिनिटे ७२०. म्हणजे सजावटकाराने काटे डोळे मिटून फिरवले, तरी सातांत एकदा ते या अवधीत थांबणार. जुळणी इतकी स्वस्त असेल, तर तिच्यावर काही उभे करू नये.

आता भाषा. गाण्याचा सुरुवातीचा शब्दप्रयोग ‘पोगो शिप्ता’. इंग्रजी उपशीर्षकांत तो ‘तुझी उणीव भासते’ अशा अर्थाने येतो. शब्दशः तो आहे ‘पाहावेसे वाटते’, आणि मराठीत तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. कोरियनचे क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. त्यामुळे इंग्रजीच्या आडवाटेने जाण्यापेक्षा मराठी माणसाला कोरियनवरून थेट जाणे सोपे पडते. पुढे फोटोंचा उल्लेख येतो तिथे ‘नोही’ हे सर्वनाम आहे. हे अनेकवचन: तू नव्हे, तुम्ही सगळे. फोटो एकाचा नाही, अनेकांचा आहे! दुसऱ्या ओळींत मात्र एकवचनी ‘तू’ही येतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून इंग्रजी उपशीर्षकांवर वाढलेल्या उलगड्यांत हे प्रेयसीला उद्देशून लिहिलेले गाणे ठरते. मराठीत ही चूक टळते, पण दुसरी घडते. कोरियन क्रियापदाला लिंग नाही. आपल्याला ‘गेलास’ की ‘गेलीस’ हे ठरवावेच लागते. अनुवादकाने सवयीने ‘गेलीस’ लिहिले, की मित्रांचे गाणे विरहगीत होऊन बसते. अशा जागी ‘तुझे जाणे’, ‘दूर जाताना’ अशी नामरूपे वापरली, की अनेक अर्थांना वाट मोकळी राहते. अर्थात ‘नोही’वरून सेवोल सिद्ध होत नाही, दुरावलेले मित्र हा अर्थही त्या शब्दात तितकाच बसतो.

मग स्पष्टच का म्हटले नाही? त्या हिवाळ्याची वर्तमानपत्रे चाळली तर थोडा उजेड पडतो. सेवोलविषयीच्या निवेदनांवर सह्या करणारे आणि विरोधी उमेदवारांना पाठिंबा देणारे ९,४७३ कलावंत असलेली सरकारी काळी यादी ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्यावर महाभियोग आला, जानेवारीत संस्कृतिमंत्री त्या यादीपायी अटकेत गेल्या. त्याच जानेवारीत बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने सेवोलच्या कुटुंबीयांच्या संघटनेला १० कोटी वॉन दिल्याची बातमी आली. २०२० मध्ये एका अमेरिकी मासिकाने थेट विचारले तेव्हा गटातल्या जिनने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की गाणे एका दुःखद घटनेविषयी आहे आणि ओढीविषयीही आहे. त्याने घटनेचे नाव स्वतःहून घेतले नाही. चाहत्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार कागद हाच, आणि तोही दोन्ही दारे उघडी ठेवतो.

कोरियाचा इतिहास ठाऊक नसला की काय निसटते, याचा नमुना म्हणजे त्याच गटातल्या शुगाचे, ‘अगस्ट डी’ या नावाने २२ मे २०२० रोजी आलेले ‘देच्विता’. देच्विता म्हणजे राजाच्या स्वारीपुढे वाजणारे लष्करी वादन: नागाक हा शंख, थेफ्योंगसो ही सनईच्या जातीची, शिवाय जिंग ही मोठी थाळी. गाण्याच्या आरंभी ऐकू येणारी आरोळी हा मंत्र नाही. ‘जिंगवर एक ठोका, वादन सुरू’ असा पथकाला दिलेला तो हुकूम आहे. व्हिडिओत एकाच माणसाची दोन रूपे आहेत, सोनेरी केसांचा जुलमी राजा आणि काळ्या केसांचा बंडखोर. आणि शब्दांत एके ठिकाणी भूतकाळ ‘त्विजू’त कोंडण्याची भाषा येते. त्विजू म्हणजे तांदूळ साठवायची लाकडी पेटी. इंग्रजीतून वाचणारा इथे बुचकळ्यात पडतो किंवा श्रीमंतीचे प्रतीक म्हणून पुढे जातो. कोरियन शाळकरी मुलाला मात्र लगेच १७६२ आठवते: राजा यंगजोने आपला मुलगा, युवराज सादो, याला भर उन्हाळ्यात अशाच पेटीत कोंडले आणि आठव्या दिवशी तो आत मेला. ‘काका, मला वाचवा’ एवढ्या तीन शब्दांत मराठी माणसाला अख्खा शनिवारवाडा दिसतो, तसे हे आहे. ऑगस्ट २०१८ च्या ‘आयडॉल’मध्ये ‘ऑल्सू’ आणि ‘दंगिदक खुंगदरर’ येते, त्याचाही असाच गूढ अर्थ लावला जातो. पहिली आपल्या ‘जी जी रं जी’सारखी दाद, दुसरे जांगू या ढोलाचे बोल. बस्स.

त्रिकोणाचे कोडे तर गमतीचे आहे. ‘लूना’ या बारा मुलींच्या गटाच्या बोधचिन्हातला त्रिकोण हा गुप्त मंडळींचा पुरावा म्हणून फिरवला जातो. गटाचे कोरियन नाव ‘इदालए सोन्यो’, म्हणजे महिन्याची मुलगी. ऑक्टोबर २०१६ पासून एकेक मुलगी पुढे आणत हा गट उभा राहिला. या नावातल्या पाच अक्षरखंडांची आद्याक्षरे काढा: दोन वर्तुळे, एक उघडी चौकट, एक छपरासारखी खूण, एक काटकोन. क्रम बदलून, चौकट फिरवून ठेवली की रोमन लिपीतले ‘लूना’ तयार होते. छपरासारखी खूण म्हणजे कोरियन ‘स’. तीच खालून बंद केली की झाला त्रिकोण. हंगुल या कोरियन लिपीत मूळ व्यंजने १४ आणि स्वर १०. देवनागरी येणाऱ्याला ती आठवड्याभरात लागते आणि अशा निम्म्या रहस्यांची हवा जाते.

मुद्दाम रचलेली कोडी वेगळी, ती तशीच सोडवावीत. बीटीएसच्या काल्पनिक कथाविश्वातले व्हिडिओ कंपनी वर्णनात ‘बीयू’ (बीटीएस युनिव्हर्स) असा शिक्का मारून वेगळे काढते. त्या कथेतले ‘स्मेराल्दो’ हे फूल, त्याची इटलीतली दंतकथा, सगळे बनवलेले आहे. वनस्पतिकोशात शोधण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०१६ च्या ‘ब्लड स्वेट अँड टीअर्स’मध्ये ब्रूगेल या चित्रकाराची पडणाऱ्या देवदूतांची आणि इकारसची चित्रे आहेत आणि हेर्मान हेसेच्या ‘डेमियान’ या कादंबरीतला उतारा मोठ्याने वाचला जातो. इथे संदर्भ युरोपीय आहे खरा, पण तो लपवलेला नाही, उघड ऐकवलेला आहे.

उलट टोकाचे उदाहरण आपल्या जवळचे. जून २०२० मध्ये आलेल्या ‘ब्लॅकपिंक’ या मुलींच्या गटाच्या ‘हाउ यू लाइक दॅट’मध्ये सिंहासनावर बसलेल्या गायिकेजवळ, जमिनीवर, गणपतीची मूर्ती होती. भारतातल्या चाहत्यांनी हरकत घेतली आणि काही दिवसांत मूर्ती व्हिडिओतून पुसली गेली. त्याआधी ‘विघ्नहर्ता पायाशी का?’ यावर लांबलचक भाष्ये येऊन गेली होती. मूर्ती नाहीशी झाल्याने गाण्याचा अर्थ तसूभरही बदलला नाही. म्हणजे ती खूण नव्हतीच, ‘पौर्वात्य’ दिसावे म्हणून मांडलेले सामान होते. ही कसोटी कुठेही लावता येते: वस्तू मनातल्या मनात काढून टाका, दृश्य लंगडे पडते का पाहा. स्प्रिंग डेमधल्या फिती काढल्या तर पडते.

याच प्रकारातून आणखी एक सावधगिरी निघते. व्हिडिओ प्रदर्शित झाल्यावरही बदलू शकतो, म्हणून कुठल्या दिवशी पाहिला ते लिहून ठेवावे. मोबाइलवर ३६० च्या दर्जात पाहून ‘सावलीत चेहरा’ शोधू नये. फाइल दाबून लहान केल्यामुळे काळोख्या भागात चौकोनी डाग पडतात आणि त्यांत हवा तो चेहरा दिसतो. संगणकावर, यूट्यूबमध्ये, १०८० किंवा त्याहून वरचा दर्जा लावावा, व्हिडिओ थांबवावा आणि पूर्णविरामाच्या कळीने एकेक चौकट पुढे, स्वल्पविरामाच्या कळीने मागे न्यावी. पाट्या वाचायला एवढे पुरते. शब्द आणि दृश्य यांच्या नोंदी वेगवेगळ्या रकान्यांत कराव्यात, कारण गीतकार आणि व्हिडिओचा दिग्दर्शक हे सहसा वेगळे लोक असतात. दृश्यातल्या फितीचा पुरावा गीतकाराच्या नावावर मांडता येत नाही.

आपल्या पुरवणीत असा मजकूर छापताना गाण्याचे मूळ कोरियन नाव, प्रदर्शनाची पूर्ण तारीख आणि व्हिडिओच्या दिग्दर्शकाचे नाव शीर्षकाखाली एका ओळीत द्यावे, एवढी विनंती.

आपली,
एक नियमित वाचक