'ठरला' छापण्याआधी कोटाची बटणं तरी बघा

लातूर, 17 नोव्हेंबर 2025

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

2 नोव्हेंबरच्या आपल्या रविवार पुरवणीत मनोरंजनाच्या पानावर 'नवा जेम्स बाँड ठरला' असा मथळा होता आणि खाली एका तरुण इंग्रज नटाचा काळ्या डिनर सूटमधला मोठा फोटो. त्या नटाचं नाव इथं लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. मी लातूरला गंजगोलाईच्या बाजूला जेंट्स टेलरिंगचं दुकान चालवतो, वडिलांपासूनचं. सिनेमातलं फार कळतं असं म्हणत नाही. कोट कळतो. म्हणून आधी कोटाचं बोलतो.

पुरुषाच्या कोटाचा डावा पल्ला वर येतो. काज डाव्या पल्ल्याला, बटण उजव्याला. आपल्या फोटोत नेमकं उलटं होतं. छापताना फोटो उलटा पडला असेल म्हणावं, तर छातीचा खिसा डावीकडंच होता, म्हणजे असायला हवा तिथंच. फोटो उलटा झाला असता तर खिसाही उजवीकडं गेला असता. डाव्या बाहीला चार बटणं, उजवीला तीन आणि चौथं अर्धं कापडात मुरलेलं. एका बाजूची लॅपेल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) टोकदार, खांद्याकडं चढलेली, दुसऱ्या बाजूची साधी, खाचेची. गळ्यातल्या बो-टायला गाठच नाही. माझ्याकडं पंचवीसेक वर्षं काम करणारे कारागीर चहा पिता पिता वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "उस्ताद, इसकू मुंढाच नै." खरंच, बाही जिथं जोडली जाते तिथं शिवणच नव्हती. असा कोट जगातल्या कुठल्याच मास्तरनं शिवलेला नाही. तो संगणकानं काढलेला आहे, आणि आपण तो रंगीत, अर्ध्या पानावर छापलात.

आता बातमीचं. आज हे पत्र लिहीपर्यंत बाँडचा नट जाहीर झालेला नाही. जाहीर काय झालंय? फेब्रुवारीत बाँडपट बनवणाऱ्या ब्रोकोली घराण्याच्या बार्बरा ब्रोकोली आणि मायकल विल्सन यांनी सिनेमाचे सगळे निर्णय अ‍ॅमेझॉन एमजीएम या सिनेमा कंपनीच्या हाती दिले. मार्चमध्ये एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते ठरले, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डनी व्हिलनव्ह, आणि त्यानंतर लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. संपलं. नट नाही, सिनेमाचं नाव नाही. बाकी जे काही चाललंय तो चाहत्यांचा कट्टा आहे. कट्टा असावा, माझ्या दुकानातही आहे. अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी तर फेब्रुवारीतच समाजमाध्यमावर लोकांना विचारलं होतं की पुढचा बाँड कोण हवा. संस्थापकच चावडीवर येऊन विचारतोय म्हटल्यावर गाव गप्प कसं बसेल?

चाहत्यांना मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगतो. ही माणसं बारकाईनं बघतात. गेल्याच महिन्यात जुन्या बाँडपटांच्या ऑनलाइन पोस्टरांवरून हातातली पिस्तुलं गायब केलेली होती, ती पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली? चाहत्यांच्या. आरडाओरडा झाला आणि चित्रं बदलावी लागली. हेच लोक आपापल्या चर्चेत 'मला वाटतं', 'ऐकलंय', 'झालं तर बरं' असं लिहितात. एकाला हेन्री कॅव्हिल हवा असतो, दुसरा म्हणतो तो आता वयानं पुढं गेला. इद्रिस एल्बांचं नाव तर दहा-बारा वर्षं फिरत राहिलं. त्यात फसवणूक नाही. 'वाटतं' तिथून निघतं आणि आपल्या पानावर येईपर्यंत 'ठरला' होतं, हे मधल्या वाटेत कोण करतं, ते आपण शोधा.

आणि याचा त्रास कुणाला होतो ते माझ्या बाकड्यावर बसल्यावर कळेल. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं बस्ते सुरू होतात. यंदा तसाही हात आखडलेलाच आहे. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, शेतकऱ्याच्या घरचं लग्न म्हणजे नवरदेवाचा एक सूट आणि बाकीच्यांचं मागच्या लग्नातलंच. अशात औसा तालुक्यातला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. हातात आपल्या पुरवणीचं कात्रण, व्यवस्थित घडी केलेलं.

"मास्तर, ह्यो बगा, नवा बाँड. सेम असाच शिवा."

म्हटलं, "कोण म्हणलं हाच नवा म्हणून?"

"पेपरात आलंय की. मोबाइलवर तर रोजच एक नाव येलालंय, पर पेपरात आलंय म्हणल्यावर पक्कं की."

हे वाक्य आपण कापून टेबलावर लावावं अशी माझी विनंती आहे. मोबाइलवर या पोरांचा विश्वास नाही. गेल्या वर्षी कॅव्हिलला बाँड दाखवणारा बनावट ट्रेलर लाखो लोकांनी पाहिला, यानंही पाहिला होता आणि तो खोटा आहे हे यालाच माहीत होतं. असे ट्रेलर बनवणाऱ्या दोन चॅनेलांची जाहिरातींची कमाई यूट्यूबनं यंदा मार्चमध्ये बंद केली, हेही त्यानंच मला सांगितलं. एवढा हुशार पोरगा फसला तो छापील कागदावर.

मी दोन्ही बाजूंना टोकदार लॅपेल धरून माप घेतलं, कापडाला कात्री लावली. पुढच्याच रविवारी त्याच पानावर दुसरंच नाव, दुसराच सूट, खाचेच्या लॅपेलचा, निळा. सोमवारी सकाळी फोन. "मास्तर, तेवढं चेंज करता येतंय का?" कापड कापून झाल्यावर लॅपेल बदलायची म्हणजे काम पुन्हा, आणि त्यात कापड वाया गेलं तर? कापडाचे पैसे कुणाचे? त्याच्या बापाकडं बघून मी काही बोललो नाही. त्यांनीच पोराला गप्प केलं.

अफवेनं नटाचंही कसं वाटोळं होतं याचं उदाहरण बाँडच्याच इतिहासात आहे. 1986 मध्ये पिअर्स ब्रॉस्नन यांची निवड जवळपास झाली होती. त्यांची अमेरिकेतली टीव्ही मालिका वाहिनीनं गुंडाळली होती, म्हणून ते मोकळे होते. पण 'हाच पुढचा बाँड' असा बोभाटा झाला, बंद मालिकेला अचानक भाव आला आणि कराराची मुदत संपता संपता वाहिनीनं ती परत चालू करायचं ठरवलं. निर्मात्यांना टीव्हीवर रोज दिसणारा बाँड नको होता. ब्रॉस्नन गेले, टिमथी डाल्टन आले. डाल्टन यांचे दोन सिनेमे झाले, मग कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली, आणि ब्रॉस्नन पडद्यावर बाँड म्हणून दिसले ते थेट 1995 ला. नऊ वर्षं. या धंद्यात माणसं सही होईपर्यंत तोंड का उघडत नाहीत ते यावरून समजावं.

चाहत्यांचा कौलही दर वेळी खरा ठरतो असं नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये डॅनियल क्रेग यांचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यांना थेम्स नदीतून बोटीनं आणलं होतं, सूटवर लाइफ जॅकेट घालून. पत्रकारांनी त्या जॅकेटची टर उडवली. केस सोनेरी आहेत म्हणून काही चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली. माझ्या दृष्टीनं खरी अडचण वेगळी होती. उंची पाच फूट दहा इंच. सिनेमातले पहिले बाँड शॉन कॉनरी आणि डाल्टन सहा फूट दोन इंचांचे. पण उंची कमी आणि छाती भरलेली असेल तर कोट आखूड ठेवायचा, बटण जरा वर घ्यायचं आणि खांद्यात पॅड कमी भरायचं. आमच्याकडं तालमीतली पोरं येतात, त्यांना आम्ही असंच शिवतो. पुढं 2006 चा 'कॅसिनो रोयाल' आला आणि ओरडणारे गप्प झाले. पाच सिनेमे केले त्यांनी, 2021 पर्यंत.

आणि कॉनरी तरी जन्मतः तसे थोडेच होते? पहिल्या सिनेमाचे दिग्दर्शक टेरेन्स यंग त्यांना स्वतःच्या शिंप्याकडं घेऊन गेले, लंडनच्या कंड्यूट स्ट्रीटवरचे अँथनी सिंक्लेअर. सूट अंगाला सवयीचा व्हावा म्हणून तो घालून झोपायला लावलं, असं सांगतात. त्याच सिंक्लेअरच्या दुकानात कॉनरींनी शिवून नेलाच नाही असा एक सूट पडून होता. जॉर्ज लेझनबी नावाच्या ऑस्ट्रेलियन मॉडेलनं तो विकत घेतला, कॉनरींच्याच न्हाव्याकडं केस कापले आणि निर्मात्यांसमोर जाऊन उभा राहिला. अभिनयाचा अनुभव जवळपास शून्य. 1969 चा बाँड तोच झाला. हे लेझनबींनी स्वतः सांगितलेलं आहे. माझ्याही कपाटात न नेलेले कोट आहेत, एक तर चांगल्या वर्स्टेड लोकरी कापडाचा. पण तो घालून कुठं जाऊन उभं राहायचं ते कुणी सांगत नाही.

नवा नट तिशीच्या आतला हवा असं सध्या बरंच छापून येतंय, आणि जणू कधी न घडलेलं असं छापून येतंय. लेझनबी शूटिंगच्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते. उलट रॉजर मूर पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू झाले आणि सत्तावन्नपर्यंत चालले. मूर यांचा विषय निघाला की आमच्या दुकानात वेगळाच आदर असतो, कारण त्यांनी पडद्यावर सफारी घातली. वडील म्हणायचे, आमदारापासून हेडमास्तरांपर्यंत अख्खा मराठवाडा सफारीत आहे, मग तो सायेब का मागं राहील? उदयपूरमध्ये शूटिंग झालेला त्यांचा 1983 चा सिनेमा वडिलांनी विजय अमृतराज आणि कबीर बेदींसाठी पाहिला आणि घरी येऊन फक्त कपड्यांवर बोलले.

तर्क करायचाच असेल तर मीही करतो, पण तर्क म्हणून. नवे लेखक स्टीव्हन नाइट यांनीच बर्मिंगहॅमच्या गुंडांची ती 'पीकी ब्लाइंडर्स' मालिका रचली, जिच्यामुळं गेल्या काही वर्षांत आमच्याकडं तीन पीस सूट परत आला. वेस्टकोटाशिवाय नवरदेव ऐकत नाही. (सपाट टोपी अजून कुणी मागितली नाही. इथल्या उन्हात मागणारही नाही.) त्यावरून मला वाटतं की हा बाँड जुन्या काळातला असेल, जाड लोकरी कापडातला, कमरेत घट्ट. दिग्दर्शक वाळवंटातले भव्य सिनेमे करणारे आहेत, ते कदाचित याला मानणार नाहीत. यात माहिती शून्य आहे, शिंप्याचा अंदाज आहे. आपण तो 'लातूरच्या टेलरचा अंदाज' म्हणून छापलात तर माझी हरकत नाही. 'नवा बाँड जुन्या काळात' असा मथळा दिलात तर आहे.

मागणं फार नाही. घोषणा झाली नसेल तर बातमीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहावं, शेवटच्या परिच्छेदात नको, तिथपर्यंत कात्रण कापणारी कात्री पोचत नाही. फोटो कुठला आहे ते खाली लिहावं. संगणकानं काढलेला असेल तर तसं लिहावं, आणि ओळखू येत नसेल तर आपल्या कार्यालयाजवळच्या कुठल्याही शिंप्याला दाखवावा, चहाच्या वेळेत तो सांगेल. आणि 2 तारखेच्या फोटोबद्दल शुद्धिपत्र द्यावं, त्याच पानावर, तेवढ्याच टायपात. येत्या शनिवारी त्या मुलाची ट्रायल आहे. त्याआधी आलं तर मला ते त्याला दाखवता येईल आणि कोट टोकदार लॅपेलवरच शिवून पूर्ण करता येईल.

आपला नियमित वाचक,
एक टेलर मास्तर, गंजगोलाई, लातूर
(नाव छापू नये, गिऱ्हाईक ओळखू येईल.)