राउंडच्या शेवटी उभं राहून

ठाणे, रविवार दुपार

प्रिय मेघा,

"पाच वर्षं शिकून अजून गोळ्याच मोजतेस का गं?" असं तू फोनवर म्हणालीस. तू डॉक्टरकीची, मी फार्मसीवाली; तेव्हा मला काही सुचलं नाही. आज सुचतंय, पण ते तुझ्यापेक्षा माझ्यावरच जास्त उलटणारं आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, फार्मसीच्या पोरांनी एकत्र शिकण्याबद्दल आम्हाला काय वाटतं, ते विचारणारी. १९९९ साली इंग्लंडात तयार झालेली, १९ विधानांची. कॅन्टीनमध्ये वडापाव खात खात भरली. एकत्र शिकलं तर पेशंटचं भलं होतं? पूर्ण सहमत. नर्सचं काम मुख्यतः डॉक्टरांना हातभार लावणं? पूर्ण असहमत, तेही जोरात खूण करून. 'माझी भूमिका नेमकी काय असेल याची खात्री नाही' असंही एक विधान होतं. तिथे मात्र पेन अडलं. मी करतेय तो फार्म डी, म्हणजे वॉर्डात पेशंटच्या औषधांवर काम करायला शिकवणारा फार्मसीचा कोर्स, आपल्याकडे २००८ साली सुरू झाला, पण वॉर्डात अजून नातेवाईक माझा एप्रन बघून हातात चिठ्ठी देतात, "मॅडम, हे खाली मेडिकलमध्ये मिळेल ना?"

आता वॉर्डातली गोष्ट. राउंडला पुढे सर, मागे रेसिडेंट, मग तुमचे इंटर्न आणि अगदी शेवटी, सलाइनच्या स्टँडला धडकत, आम्ही. एका आजोबांना राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी होती आणि औषधांच्या शीटवर बीपीची गोळी, मेटोप्रोलॉल एक्सएल ५०. बघते तर सिस्टर ती गोळी खलात टाकतायत. ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली; कुटली की सगळा डोस एकदम अंगात, नाडी आणि बीपी खाली. मेघा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. चूक सापडली! सिस्टर माझ्यापासून दोन हातांवर होत्या. त्यांना एक शब्द न बोलता मी रेसिडेंटला शोधायला धावले.

त्याने ऐकलं, साधी गोळी दोन वेळा विभागून लिहिली, "गुड" म्हणाला. त्या एका गुडवर मी दुपारपर्यंत तरंगत होते.

दुपारी सिस्टरांनी गाठलं. "मला सांगितलं असतंस तर मी तिथंच हात थांबवला असता. ट्यूब तुंबली होती म्हणून वाचलो. नाहीतर तू डॉक्टर शोधेपर्यंत औषध पोटात गेलं असतं." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग शेजारच्या खाटेचा विषय निघाला. तिथे फेनिटॉइन, फिटचं औषध, चालू होतं, तेही ट्यूबमधून. फीडबरोबर, म्हणजे ट्यूबमधून देतात त्या पातळ अन्नाबरोबर, दिलं तर ते नीट शोषलं जात नाही, आधी आणि नंतर दोन-दोन तास फीड बंद ठेवायचं, हे मी पुस्तकी पोपटासारखं सांगून टाकलं. सिस्टरांनी बोटांवर हिशेब केला. "दिवसातून तीनदा औषध आहे. म्हणजे बारा तास पेशंट उपाशी. तू ठेवशील?" हे गणित मला कोणी घातलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी औषध दोन वेळांवर आणलं, डाएटिशियनने उरलेल्या तासांत फीड बसवलं आणि औषधाची रक्तातली पातळी बघायची ठरली. चौघांचं मिळून वीस मिनिटांचं काम.

आम्ही फार्मसीवाले 'एकत्र काम' म्हणतो, तेव्हा मनात फक्त डॉक्टर असतात गं. तुमच्या रांगेत उभं राहायला मिळावं एवढंच. नर्सिंगच्या मुली रोज माझ्याच नेरुळ लोकलला, त्याच लेडीज डब्यात असतात. इतक्या वर्षांत त्यांच्याशी "जरा सरका"च्या पुढे बोलणं झालं नाही. वर आमचीच तक्रार, डॉक्टर आम्हाला विचारत नाहीत! (तुम्ही विचारत नाहीच, तो मुद्दा मी सोडलेला नाही.)

मिरजेत तुमच्या राउंडला फार्मसीचं कोणी असतं का? असेल तर नाव ठाऊक आहे का तुला? मला त्या सिस्टरांचं आडनाव परवा कळलं, तेही ड्युटीच्या तक्त्यावरून.

आम्ही दोघी आता कुटायच्या नाहीत अशा गोळ्यांची यादी करतोय, खलाच्या वर भिंतीवर लावायला. तुमच्याकडे ट्यूबमधून कुठकुठल्या गोळ्या देतात ते लिहून पाठव. आणि आधी सिस्टरांना विचार, रेसिडेंटला नको.

तुझी,
सायली