एकाच गोणीचे दोन दर: आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. न्यायमूर्ती (निवृत्त) रंजना प्रकाश देसाई,
अध्यक्ष, आठवा केंद्रीय वेतन आयोग

महोदया, सविनय नमस्कार.

मी कोपरखैरण्याचा, मूळ गाव जावळी तालुक्यातलं. एकतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या. आता गुडघे गेले म्हणून घरी बसलोय. थोरला मुलगा फौजेत नायक आहे. जवानाला आणि अधिकाऱ्याला सियाचीनसारख्या ठिकाणी जो वेगवेगळा भत्ता मिळतो, त्याबद्दल हे पत्र आहे. त्याला असं जाहीर पत्र लिहिता येत नाही, नोकरीचा नियम आहे. बापाला तसा नियम नाही. त्याला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ‘कशाला उगाच’ म्हणाला असता. आपण मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षं न्यायमूर्ती होतात, तेव्हा मराठीत लिहिलेलं चालेल असं धरून चालतो.

मुलगा सियाचीनची पाळी संपवून रजेवर आला तेव्हाची गोष्ट. सकाळी त्याच्या आईनं स्टीलच्या पेल्यात चहा दिला. चुलीवरून उतरवलेला म्हणा ना, इतका कढत. त्यानं तो तळहातात धरला आणि बोलत बसला. मी बघतोय, पेल्यातून वाफ येतीय आणि हा धरूनच बसलाय. आई ओरडली तेव्हा त्यानं खाली ठेवला आणि बोटांकडे बघून हसला. म्हणाला, ‘अजून पूर्ण जाग आली नाही त्यांना.’ दोन बोटांची टोकं काळपट होती. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू.

त्याच रजेत त्यानं मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवली. मला आकडे वाचायची खोड आहे. टोळीत हजेरीचा आणि वाराईचा, म्हणजे गोण्या चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, हिशेब मीच ठेवायचो. सियाचीनचा भत्ता बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग सहज विचारलं, साहेबांना किती? त्यानं सांगितलं. मग मी खणत गेलो.

सातव्या आयोगानं जोखीम आणि हालअपेष्टांच्या भत्त्याचं एक कोष्टक केलं. धोका किती आणि हाल किती, यावरून नऊ घरं, आणि सगळ्यांच्या वर सियाचीनसाठी एक वेगळं घर. कल्पना चांगली आहे, मला पटली. पण प्रत्येक घरात दोन आकडे आहेत. एक लेव्हल आठपर्यंतच्यांना, दुसरा नऊ आणि त्यावरच्यांना. लेव्हल म्हणजे पगाराची पायरी. सियाचीनला पूर्वी जवानाला १४,००० आणि अधिकाऱ्याला २१,००० मिळायचे. आयोगानं २१,००० आणि ३१,५०० सुचवले. सरकारनं २०१७ साली त्याहून वाढवून ३०,००० आणि ४२,५०० केले. वाढ मोठी झाली, नाही म्हणत नाही. पण ७,००० चं अंतर १२,५०० वर गेलं, ते कुणी बोललं नाही. खालच्या घरांत तर प्रमाण आणखी बिघडतं. अतिसक्रिय फील्ड एरियात, म्हणजे जास्त धोक्याच्या तैनातीच्या भागात, २०१७ च्या दरानं अधिकाऱ्याला १६,९०० आणि जवानाला ९,७००. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात. २०२४ मध्ये तो तिथं गेला, म्हणजे अंतरही तेवढंच वाढलं.

लेव्हल आठपर्यंत म्हणजे कोण, हेही बघा. त्यात शिपाई आहे, हवालदार आहे, सुभेदार आहे आणि सुभेदार मेजरसुद्धा आहे, पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेला. आणि कालपरवा अकादमीतून बाहेर पडलेला लेफ्टनंट लेव्हल दहावर, म्हणजे वरच्या रकान्यात.

हिशेबातला माणूस म्हणेल, अहो, शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो, त्याला २०१७ च्या दरानं ३०,००० भत्ता म्हणजे पगारापेक्षा जास्त. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१००, त्याला ४२,५०० म्हणजे पगारापेक्षा कमी. टक्क्यांत बघितलं तर जवानच फायद्यात! मीही असा हिशेब करून बघितला. पण जबाबदारीचा, शिक्षणाचा, हुद्द्याचा फरक मूळ पगारात आलाच की. मिलिटरी सर्व्हिस पेमध्येही, म्हणजे फौजेत असल्याबद्दल मूळ पगारावर वेगळे पैसे मिळतात त्यातही, आला: जवानाला आणि सुभेदाराला ५,२००, अधिकाऱ्याला १५,५००. तिथं माझी तक्रार नाही. हा भत्ता मात्र हालाचा आहे, त्याच्या नावातच तसं आहे. हाल मोजायला बसलात तर त्यात हुद्दा तिसऱ्यांदा कशाला आला?

आमच्या टोळीत मुकादम होता. लिहायचं, व्यापाऱ्याशी भांडायचं काम त्याचं, आणि त्याचं जे काही वेगळं असायचं ते असायचं. पण तो पाठीवर गोणी घेई तेव्हा गोणीचा दर एकच. पन्नास किलो त्याच्या पाठीवर पन्नास आणि माझ्या पाठीवरही पन्नास. ‘मी मुकादम आहे, माझी गोणी दीडपट धरा’ असं तो म्हणाला असता तर गाडीवरच कापडं फाटली असती त्याची.

यात अधिकाऱ्यांविरुद्ध एक अक्षर नाही. मुलगा सांगतो, पोस्टवर साहेब आमच्याच तंबूत, त्याच स्टोव्हच्या धुरात. जुलै २०२३ मध्ये सियाचीनला आग लागली तेव्हा कॅप्टन अंशुमन सिंग यांनी इतरांना बाहेर काढलं आणि स्वतः गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. त्यातले लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि तीन दिवसांनी गेले. आमच्या साताऱ्याचा, माण तालुक्यातला एक नर्सिंग असिस्टंटही त्यात होता. त्या दहांत एक सुभेदार होते, बाकी हवालदारापासून शिपायापर्यंत. कोष्टकाच्या हिशेबानं दहाही जण खालच्या रकान्यातले.

१९८४ पासून आपली माणसं तिथं उभी आहेत. तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि विरळ हवेनं जास्त माणसं नेली.

आता मागणी. अधिकाऱ्याचा रुपया कमी करू नका. जोखीम आणि हालअपेष्टांच्या कोष्टकात प्रत्येक घरात एकच आकडा ठेवा आणि तो वरचा ठेवा. सगळ्या घरांना पैसे पुरत नसतील तर सियाचीनपासून सुरुवात करा. अग्निवीरांना पगार ठरावीक, नोकरी चार वर्षांची, पण हा भत्ता लागू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याचा एक अग्निवीर सियाचीनलाच गेला. त्या पोरांतल्या बहुतेकांच्या बाबतीत तर पुढे बढती मिळेल, मग भरून निघेल, हेही म्हणता येत नाही.

आपल्या आयोगाला अठरा महिने दिलेत. तिन्ही दलांची निवेदनं येतील, जाड जाड, इंग्रजीत. त्यांच्या गठ्ठ्यात हे एक पानही ठेवा. मुलाची रजा येत्या मंगळवारी संपते. आईनं त्याच्यासाठी मेथीचे लाडू बांधायला घेतलेत आणि कालपासून तो स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधू लागलाय.

आपला नम्र,
एक निवृत्त माथाडी कामगार
कोपरखैरणे, नवी मुंबई