ताई, स्लीपिंग बॅगा कोरड्या राहिल्या

प्रिय ताई,

पावसाळी ट्रेक नीट पार पडला की आभारात नावं येतात ती लीडरची, वाट शोधणाऱ्याची आणि सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याची. ती यायलाच हवीत. पण शनिवार-रविवार दोन्ही दिवस संततधार असूनही रात्री प्रत्येकाला कोरडे कपडे आणि शिरायला कोरडी स्लीपिंग बॅग मिळाली, ती शुक्रवारी संध्याकाळी सामानाच्या खोलीत तू जे करून घेतलंस त्यामुळे. ते काम कुणाच्या डोळ्यांसमोर होत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

आधी त्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांबद्दल. रेनकव्हर घातलं की सॅक भिजत नाही, असं पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. रेनकव्हर पाठीची बाजू झाकतच नाही. मानेवरून ओघळणारं पाणी पाठीच्या पॅडमध्ये मुरतं, पट्ट्यांच्या शिवणींतून आत शिरतं आणि कव्हरच्याच तळाशी साठतं. तळाशी नेमकी स्लीपिंग बॅग असते. म्हणून तू प्रत्येक सॅकला आतून एक मोठी पिशवी लावून घेतेस, ६० लिटरच्या सॅकला साधारण ८० लिटरची, म्हणजे तोंडाला पीळ द्यायला पुरेसं प्लॅस्टिक उरतं. सामान भरायचं, वरून गुडघा टेकवून हवा काढायची, तोंड गोळा करून पिळायचं, पिळलेला भाग उलटा दुमडायचा आणि त्यावर रुंद रबर चढवायचं. गाठ मारू देत नाहीस. गारठलेल्या बोटांना गाठ सुटत नाही, मग पिशवी फाडली जाते आणि दुसऱ्या दिवसाचा पाऊस थेट आत. स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे या मोठ्या पिशवीतही पुन्हा स्वतंत्र पिशवीत. तंबू मात्र पिशवीच्या बाहेर, कारण सकाळी तो ओलाच गुंडाळावा लागतो.

बुटांची तपासणी तर आमच्यापैकी कुणालाच सुचली नसती. तू बूट हातात घेतेस, टाच आणि चवडा धरून वाकवतेस आणि तळव्याच्या वरच्या मऊ थरात अंगठा रुतवून बघतेस. तो थर बहुतेक बुटांत पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लॅस्टिकचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतून विरत जातो, आणि गंमत म्हणजे वापरात असलेल्या बुटांपेक्षा कपाटात पडून राहिलेल्या बुटांत हे जास्त दिसतं. वरून बूट नवा कोरा, आणि चिखलात पहिल्या दोन तासांत अख्खा तळवा सुटून हातात. अंगठ्याखाली भुगा झाला किंवा कडेला बारीक भेगा दिसल्या की तू तो बूट बाजूला ठेवतेस. समोरच्याचा चेहरा पडतो, तरी ठेवतेस. त्या ठामपणाबद्दल विशेष आभार.

तितक्याच ठामपणे तू जीन्स आणि सुती टी-शर्ट परत पाठवतेस. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं, म्हणून ८–१० अंशांच्या हवेतही, जोडीला वारा असेल तर, माणूस धोकादायकरीत्या गारठू शकतो. लोकर किंवा पॉलिएस्टर ओलं झालं तरी थोडी ऊब राखतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याच्या खुणा तू लीडरच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या आहेस: बोटांना चेन लावता येत नाही, बोलणं जड होतं, पाय अडखळतात. आणि खाली अधोरेखित ओळ: कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर तो बरा होत नाहीये, बिघडतो आहे. आडोसा, ओले कपडे काढणं, अंगाखाली मॅट, कोरडी स्लीपिंग बॅग, आणि शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तर कोमट गोड पेय. हातपाय चोळायचे नाहीत. त्यासाठी प्रत्येक गटामागे एक जादा स्लीपिंग बॅग देतेस. तिचं ओझं कुणाला नको असतं, पण ती यादीतून कधीच वगळली जात नाही.

जॅकेट ‘गळतं’ ही तक्रारही तूच निस्तरतेस. बहुतेक वेळा ते गळत नसतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजलेला असतो, कापड पाणी पितं, घामाची वाफ बाहेर जात नाही आणि आतून भिजायला होतं. चमचाभर पाणी टाकून थेंब घरंगळतो का, एवढंच तू बघतेस. फॅब्रिक सॉफ्टनर वापरलेली जॅकेटं यात हमखास नापास होतात.

तंबूच्या प्रत्येक पिशवीत तुझी एक चिठ्ठी असते. नायलॉन भिजलं की सैल पडतं, तेव्हा तंबू लावल्यावर अर्ध्या तासाने आणि झोपण्याआधी ताणदोऱ्या पुन्हा ओढा. बाहेरचं छत आतल्या कापडाला टेकलं की तिथून ओल झिरपते. खालचं अंथरूण तंबूच्या कडेबाहेर बोटभरही दिसता कामा नये, नाहीतर छतावरचं पाणी त्यावर पडून तंबूखाली तळं होतं. आणि पाऊस कितीही असो, स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि त्याला वास नसतो. चिठ्ठीच्या शेवटची ओळ आम्हाला फार आवडते: ‘हवेचे झरोके उघडे ठेवा, श्वासाचं पाणीही पाणीच असतं.’

परत आल्यावर सगळे दमून पांगतात, तेव्हा तुझं खरं काम सुरू होतं. ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला तरी बुरशी धरू शकतो, आणि काळे ठिपके कायमचे राहतात. वारंवार दमट ठेवला की आतला लेप चिकट होतो, आंबूस वास येतो, पापुद्रे सुटतात. मग तो तंबू दुरुस्त होत नाही. म्हणून तू तो सावलीत पसरून ठेवतेस, कारण कडक उन्हात नायलॉनही कमजोर होतं. शिवणी आणि दोऱ्यांच्या गाठी सगळ्यांत शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघतेस. बुटांतले आतले तळवे काढून रद्दी कागद कोंबतेस, कागद ओला झाला की बदलतेस, आणि बूट हीटरजवळ ठेवू देत नाहीस, कारण त्याने गोंद सुटतो. स्लीपिंग बॅगा दाबून न ठेवता सैल पिशव्यांत लटकवतेस, नाहीतर आतलं भरण चपटं होतं आणि पुढच्या थंडीत ऊब देत नाही.

या वेळी वाळवणीचं काम आम्ही वाटून घेतलं आहे. तीन तंबू पूर्ण वाळले, चौथ्याच्या कोपऱ्यातल्या शिवणी अजून हाताला गार लागतात. तो उद्या संध्याकाळी आणतो. दोन खुंट्या वाकल्या आहेत, त्या वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. रबरं सगळी परत आली, मोजून.

तुझे,
ट्रेकचे सगळे लीडर