आषाढातलं भरीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली दहा हॉटेलांची यादी वाचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण तिसऱ्या क्रमांकावरचं नाव पहिल्या वाचनात खरंच वाटेना. 'खान्देशी भरीत खायचं तर इथेच' असं आपल्या प्रतिनिधीनं लिहिलंय, पुढे पाचपैकी साडेचार चांदण्या. त्या हॉटेलाचं नाव मी लिहीत नाही. आपण ते ठळक छापलंच आहे, आणि त्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची जाहिरातही आहे. तिसऱ्यांदा नाव यायचे पैसे त्यांनी भरलेले नसावेत.

तीन आठवड्यांपूर्वी मी तिथे जेवून आले. जावेची मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते. जावई म्हणाले, "काकू, जळगावला येऊन भरीत न खाता परत गेलो तर ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही." मी म्हटलं, बाप्पा, हे दिवस भरिताचे नव्हेत, डिसेंबरात या. पण पाहुण्याला असं दोनदा सांगता येत नाही. घरी करावं म्हटलं तर आम्ही महाबळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवणार कुठे? गच्चीवर जाळ करायचा नाही असा सोसायटीचा कागद जिन्यात चिकटवलेला आहे. (तो माझ्याच मागच्या हिवाळ्यातल्या भरितानंतर चिकटला, ते असो.) मग गेलो सहा जण त्या हॉटेलात.

बसल्याबरोबर टेबलावर काळे-पांढरे चौकोन छापलेला एक ठोकळा. मेनू कार्ड मागितलं तर म्हणे मोबाइल धरा याच्यासमोर. धरला. उघडलं ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. पाट्या मराठीत पाहिजेत म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून झालं, दुकानदारांनी पाट्या बदललेल्याही मी पाहिल्या. याही हॉटेलाची दारावरची पाटी ठसठशीत मराठीत आहे हो. आत शिरलं की मराठी संपली. आमच्या सासूबाई आज असत्या तर उपाशी उठल्या असत्या.

ऑर्डर घ्यायला जो पोरगा आला तो बोलण्यावरून फैजपूर-यावलकडचा वाटला. मी भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या सांगितल्यावर त्यानं मागे काउंटरकडे एकदा पाहिलं आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, भरीत नका घेऊ. शेवभाजी घ्या." तुमच्या प्रतिनिधीला दोन तासांत जे कळलं नाही ते या पोरानं दोन वाक्यांत सांगितलं. पण जावई हौसेनं बसलेले. मी म्हटलं, आण.

आता काय आलं ते सांगते. तांब्याची वाटावी अशी एक छोटी हंडी, खाली मेणबत्ती. झाकण काढलं तर आत लाल. भरीत लाल! टोमॅटोचा रस्सा, त्यात ढोबळी मिरचीचे तुकडे, वरून पांढऱ्या सायीची नागमोडी रेघ आणि कसुरी मेथीचा वास. चमच्यानं उकरलं तर वांग्याची जांभळी-काळी साल हाताला लागली. चव गोड. उत्तर हिंदुस्थानात याला 'बैंगन का भरता' म्हणतात, तो त्यांच्याकडे चांगलाच होतो, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण मग लिहा ना तसं. मेनूत 'खान्देश स्पेशल' लिहून 320 रुपये कशाला घेता?

आमचं भरिताचं वांगं जांभळं नसतं, हे जळगावच्या पेपरला जळगावच्या बाईनं पत्र लिहून सांगावं लागतं. हिरवं असतं, फिकट, पांढरट रेघांचं, चांगलं मोठं, बियांनी कमी. बामणोद गावचं म्हटलं की बाजारात लोक भाव न करता पिशवी उघडतात. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तसं या वांग्यालाही मिळालं, आपल्याच पेपरात पहिल्या पानावर वाचलं होतं बहुतेक. मानांकन आहे वांग्याला, आणि हंडीत येतं भलतंच काहीतरी.

आणि आषाढात? कांदेनवमी झाली की आमच्याकडे कांदा-लसूण-वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुरू. मी स्वतः हा नेम काटेकोर पाळते असं नाही, चातुर्मासात कांदाभजी खाल्लेली आहेत. पण पावसातलं वांगं किडकं निघतं आणि त्याला चव नसते, हे काही कोणत्या पोथीत वाचावं लागत नाही. थंडी पडली, कपाशी वेचून झाली, शेतात पऱ्हाट्या मोकळ्या झाल्या की भरीत. त्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं टाकलं की साल तडतडते आणि देठाशी पाणी फुसफुसायला लागतं. सासूबाई ते फुसफुसणं ऐकून सांगायच्या, "फिरव." बघायच्या नाहीत, ऐकायच्या. साल काढायची ती हात पोळत, पाण्यात बुडवायचं नाही, धूर धुऊन जातो. मग हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी मुसळीनं ठेचायचं. मिक्सर लावला की त्याची पेज होते. वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. एवढंच. टोमॅटो नाही. साय तर नाहीच नाही.

पुऱ्यांचं काय झालं ते विचारू नका. कळण्याच्या म्हणून ज्या आल्या त्या पांढऱ्याफेक, टम्म फुगलेल्या, मैद्याच्या. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ काळपट असतं, पुरी खरखरीत लागते, एवढं तर आंधळ्यालाही कळेल. पोरगा म्हणाला, "कळणं संपलं." मी म्हटलं, आणलं कधी होतं? तो हसला आणि दुसरं टेबल पुसायला गेला. शेवभाजी मात्र त्याचं ऐकून मागवली ती खरोखर बरी होती. शेव जाड, तिखट, वाढताना टाकलेली, लगदा न झालेली. तिथला आचारी काळा मसाला जाणतो. म्हणजे हात आहे, पण मालकाला वाटतं गिऱ्हाइकाला हंडी आणि मेणबत्ती पाहिजे. जावयांनी हंडीचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं 'ऑथेंटिक'. मी काय बोलणार! घरचा जावई.

आता बिल. मी बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली आहेत, बिलाची बेरीज केल्याशिवाय मला उठता येत नाही. जेवण 2,840. त्यावर पाच टक्के 'सेवा शुल्क' 142. या दोन्हींची बेरीज 2,982, आणि तिच्यावर पाच टक्के जीएसटी 149. एकूण 3,131. म्हणजे सेवेवरही कर! मी मॅनेजरला म्हटलं, भाऊ, हे 142 काढा. तो म्हणाला, "मॅडम, ते सिस्टिममध्ये आपोआप येतं." आपोआप येतं तर आपोआप जाईल, मी म्हटलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय की सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, आणि ते धरून त्याच्यावर जीएसटी तर मुळीच लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला तेच उचलून धरलं. द्यायचं की नाही ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मॅनेजरनं असं तोंड केलं जसं मी त्याच्या घरचं किराणा बिल वाचतेय. शेवटी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाइलवर टाइप करून त्याला दाखवला, तेव्हा सिस्टिम हलली. नवीन बिल आलं, जेवणाचे 2,840 आणि त्यावर फक्त जीएसटी 142, एकूण 2,982. गंमत बघा, तोच आकडा.

वाचलेल्या 149 रुपयांतले शंभर मी त्या पोराच्या हातात दिले, काउंटरवर नाही. जावई म्हणाले, "काकू, मग वाद कशासाठी घातला?" त्यांना कळलं नाही, तुमच्या प्रतिनिधीलाही कळणार नाही.

आपला पेपर आमच्याकडे सासरे होते तेव्हापासून येतो. पुरवणी चांगली असते, आरोग्याचं पान तर मी कापून ठेवते. पण खाण्याच्या पानाला कुणी तरी खाणारा पाठवा हो. हिवाळ्यात इथेच गल्लोगल्ली भरीत केंद्रं लागतात, किलोवर भरीत तोलून देतात, पेपरात बांधून, तोही कधी कधी आपलाच असतो. त्यांच्यातलं एकही आपल्या यादीत का नाही? ते जाहिरात देत नाहीत, एवढंच मला दिसतं. मी चुकत असेन तर छापा, मी वाचेन.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
महाबळ, जळगाव

ता. क. यादीतल्या सातव्या क्रमांकाचं हॉटेल, ज्याच्या 'कुरकुरीत डोशा'चं आपण कौतुक केलंत, ते होळीपासून बंद आहे. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. काल संध्याकाळी मुद्दाम रिक्षा करून पाहून आले. जाऊन-येऊन ऐंशी रुपये लागले.