यंदाचं पारायण

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे बरे आहोत. ओवीचा खोकला गेला, निखिलची बदली टळली. फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि आईकडे देतात, आई "जेवलीस का" विचारते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. तीन रविवार हेच झालं.

म्हणून आधी तेच लिहून टाकते. बाबा, दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्र मी वाचणार नाही.

येणार मात्र आहे. सातही दिवस. रजा मंजूर झाली, अवंतिका एक्सप्रेसचं तिकीटही काढलंय, सकाळी घरी असेन. सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्य, आरतीची तयारी, आल्या-गेल्याचं चहापाणी, सगळं माझ्याकडे. फक्त पोथीसमोरच्या पाटावर बसणार नाही.

गणपतीत तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत आणि म्हणालात, "गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, यंदापासून तू वाच. बायकांनी वाचू नये म्हणतात, ते मी महाराजांशी बघून घेईन." आजोबांच्या पाटावर लेकीला बस म्हणायला ७८व्या वर्षी तुम्हाला काय पडलं असेल, ते मला कळतं. दोन्ही आत्या काय बोलतील हेही तुम्ही धरून चालला होतात. म्हणून तेव्हा माझ्या तोंडून "नाही" निघालं नाही. रात्रभर रडले, आणि आईला सांगितलं की सर्दी झालीय.

तुम्हाला वाटेल ऑफिसमुळे नाही म्हणतेय. तसं नाही. सासरचंही कोणी काही म्हणालेलं नाही, उलट सासूबाई म्हणाल्या की भाग्य लागतं. बायकांनी वाचायचं की नाही या वादात तर मी नाहीच. कारण वेगळं आहे, आणि ते अकरा वर्षं मी तुमच्यापासून लपवलंय.

त्या पावसाळ्यात दवाखान्यातल्या बाकावर तुम्ही रोज चौदावा अध्याय वाचायचात. दुपारी तुम्ही घरी अंघोळीला गेलात की पोथी प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याजवळ असायची. मी ती उघडून वाचायचे, बाबा. कोणाला न विचारता, अंघोळीचं-सोवळ्याचं काही न पाळता, कँटीनचा समोसा खाल्लेल्या हातांनी. माझ्या भावासाठी, मनूसाठी सहा दिवस वाचलं. सातव्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

त्यानंतर माझा विश्वास गेला असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंही आहे. पण विश्वास गेला तशी भीती गेली नाही. कोणी ऐकत नाही असं एकीकडे म्हणायचं, आणि दुसरीकडे आपण विटाळाने वाचलं म्हणून ते असं झालं, याचा धसका घेऊन झोपायचं. कोणी नसेलच, तर मग चिडलं कोण? मी शिकलेली बाई, ओवीला विज्ञान शिकवते, आणि हा साधा हिशोब मला सोडवता येत नव्हता. तुम्ही "तू वाच" म्हणालात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे.

आता दुसरं, आणि याबद्दल तुम्ही रागवा, मी ऐकून घेईन. नवरात्रानंतर मी ऑफिसच्या कामाने भोपाळला गेले नव्हते. दहा दिवस मी इंदूरमध्येच होते. हातोद रोडला, गोम्मटगिरीजवळ विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे, तिथे. घरापासून एवढ्या जवळ असून आले नाही, आई. तिथे मोबाईल जमा करून घेतात आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत एकमेकांशी बोलायचं नसतं. निखिलकडे केंद्राचा नंबर होता, तुमच्यापैकी कोणाला काही झालं असतं तर तासाभरात घरी आले असते. आधी सांगितलं असतं तर बाबांनी विचारलं असतं की आपल्या घरात दत्त असताना हे कशाला. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

उपाशी नव्हते हं, आई. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला साधं, गरम जेवण, संध्याकाळी चहा आणि फळ. पांघरायला शाल नेली होती, तूच दिलेली तपकिरी. पैसे घेत नाहीत, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर चालतं. पहाटे चारला घंटा होते (बाबा, तुम्हाला आवडलं असतं), रात्री साडेनऊला दिवे बंद, आणि दिवसाचे दहा-एक तास नुसतं बसणं.

बाबा, आणखी एक गंमत. ज्या सत्यनारायण गोयंकांनी हे १९६९ साली भारतात आणलं, ते मंडालेतल्या मारवाडी घरातले व्यापारी. अर्धशिशीने बेजार, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. ते ज्यांच्याकडे शिकले ते ऊ बा खिन म्हणजे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. तुमच्यासारखेच हिशोबातले! कचेरीतल्या लोकांनाही ध्यान शिकवायचे. ताळा जुळल्याशिवाय न उठणारा माणूस हे शिकवतो म्हटल्यावर मला जरा धीर आला.

जप, माळ, पूजा तिथे दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात. मला काय, मी कुठे करते, असं वाटलं होतं. आणि पहिल्याच दुपारी बघते तर माझा अंगठा बोटांच्या पेरांवर "दिगंबरा" मोजतोय! अकरा वर्षं देव नाही म्हणणाऱ्या बाईचा अंगठा.

पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेत. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवेल ते बघत जायचं. बरं वाटलं तरी धरून ठेवायचं नाही, दुखलं तरी हाकलायचं नाही. मग दिवसातून तीनदा, तास-तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. माझे गुडघे तुमच्यावर गेलेत हे तिथे समजलं.

सातव्या दिवशी अशाच एका तासात तो बाक आला. ती पिशवी, तो समोशाचा वास. पोटात गोळा उठला. एरवी मी अशा वेळी उठून भांडी घासते किंवा ओवीवर ओरडते. तिथे उठायची सोय नव्हती, म्हणून बघत राहिले. मुठीएवढं काहीतरी गरम. मग त्याच्या कडा ठसठसायला लागल्या. मग विरळ झालं. गेलं. परत आलं, परत गेलं. एका तासात तीनदा. अकरा वर्षं ज्याला मी पाप म्हणत होते, ते मला पहिल्यांदा पोटातल्या दुखण्यासारखं दिसलं.

एवढंच झालं, बाबा. मनू कुठे आहे, कोणी ऐकतं की नाही, याचं उत्तर काही मिळालं नाही. आणि तिथलंही सगळं मला पटलं नाही. आजचं दुखणं मागच्या जन्मांच्या संस्कारांचं, असं म्हणाले की मी मनातल्या मनात उठून बाहेर जायचे. शंकेला तेही पाच शत्रूंमध्ये धरतात. आपल्याकडे संशयात्मा, तिकडे शत्रू. शंका घेणाऱ्याला कुठेच पाट मांडत नाहीत. पण स्वतःच्या अंगावर बघितल्याशिवाय मानू नका, असंही तेच सांगतात. तेवढं मी घेतलं.

तुम्ही म्हणाल, तुकोबांनी कमी सोसलं का? १६३०च्या दुष्काळात बायको अन्न-अन्न करत गेली, मुलगा गेला, तरी विठोबाला धरून राहिले. हो. पण विठोबाशी ते भांडलेही कडकडून, आणि हे तुम्हीच मला झोपाळ्यावर मांडीत घेऊन सांगितलंय. तेव्हा तुम्ही तुकोबांचा आवाज काढायचात आणि मनू विठोबा व्हायचा, कमरेवर हात ठेवून, नाक पुसत.

आई, आता तुझ्याशी. पारायणात दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस अध्याय असतात. विसाव्यात ती शिरोळची बाई, मुलाचं प्रेत उराशी धरून बसलेली, कोणाला नेऊ देत नाही. एकविसाव्यात औदुंबराखाली मूल उठतं. दर वर्षी विसावा सुरू झाला की तू "दूध उतू जाईल" म्हणून आत जातेस. दूध सकाळीच तापवून ठेवलेलं असतं, आई. मला दहा वर्षं माहिती आहे. किसा गोतमीची गोष्ट तुला आठवते का? बुद्धांनी तिला सांगितलं, ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण. ती श्रावस्तीत दारोदार फिरली आणि रिकाम्या हाताने परत आली. तिचं मूल उठलं नाही. मला त्या दोघींपैकी कोणाची गोष्ट खरी हे ठरवायचं नाहीये. पण मोठ्याने वाचायला बसले, तर एकविसाव्या अध्यायाशी माझा आवाज खोटा पडेल, आणि तो तुमच्यापासून लपणार नाही. बाबा, तुमच्या पाटावर बसून खोटं वाचणं मला जमणार नाही.

निघताना रिक्षा पितृपर्वतापाशी थांबवली. मनूच्या नावाने लावलेला कडुलिंब दोन माणसं उंच झालाय. कुंपणाची जाळी बुंध्यात रुतत होती, माळ्याला सांगून कापून घेतली.

आता ऐका. बाबांनी सात दिवस चटईवर झोपायचं नाही. घोंगडी पलंगावर अंथरली तरी चालते. पोथी खुर्चीवर बसून, टेबलावर ठेवून वाचायची, आणि जमेल तेवढीच. शेवटी नुसती अवतरणिका, सगळ्या अध्यायांचं सार, वाचली तरी चालतं, हे तुम्हीच शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. एकभुक्त वगैरे साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने करायचं नाही. डॉक्टरांना मी फोन करून विचारलंय, त्यामुळे "ते हो म्हणाले" असं मला सांगू नका. देवघरातला दिवा लावायला स्टुलावर चढणं बंद, समई खाली घ्या. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात न ठेवता गुडघ्यावर बांधावा. बाथरूमच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालू नका, तो धरायला लावलाय. गराडू आणा, पण मी आल्यावर तळीन, आणि बाबांना चारच फोडी.

रागावला असाल तर दोन दिवस रागवा, मग फोन करा. आत्यांना मी सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका.

दुसऱ्या दिवशी मी आतच असेन, ओट्याशी. विसावा सुरू झाला की ये, आई. दुधाचं काही सांगू नकोस.

तुमची,
छोटी

ता. क. गीझरचं बटण अंघोळीआधी बंद करायचं. आधी.