आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना

ताई,

नाना आता जेवतात. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून घेतात. भाजीत मीठ कमी पडलं तर आईवर आवाजही चढवतात. तो आवाज घरात परत आला तो तुमच्यामुळे, आणि हे चार लोकांसमोर सांगावं म्हणून हे पत्र.

एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीवरून नाना आणि धाकटे काका ३० वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दिवाळीनंतर काकांनी अंथरुण धरलं, 'एकदा येऊन जा' असा निरोप धाडला. नाना गेले नाहीत. काका गेले. पडलेले कापसाचे भाव आणि कोरडी गिरणा सोसलेला ७८ वर्षांचा हा माणूस त्यानंतर खाटेवरून उठेना. पोट दुखतं, गुडघे दुखतात, झोप नाही, एवढंच बोलायचे.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्यांची फाइल जाड झाली, पण मनात काय आहे हे कोणी विचारलं नाही. 'वय झालं की असंच' म्हणत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच गुंगीत नाना ओट्यावरून पडले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नातेवाइकांचं तर विचारूच नका. जो येईल तो चहा पिऊन सांगायचा, झालं गेलं गंगेला मिळालं, देवाचं नाव घ्या. नाना भिंतीकडे तोंड फिरवायचे.

तुम्ही बीपी मोजायला आलात. नानांनी कधी नव्हे ते काकांचं नाव काढलं. "मी गऊ नही," म्हणाले. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे 'जाऊ द्या ना नाना' म्हणायला पुढे सरकलो. तुम्ही हातानेच आम्हाला थांबवलंत, खाटेच्या कडेला बसलात आणि अहिराणीत म्हणालात, "हा नाना. जावाले पाहिजे व्हतं."

एवढंच. पण हे म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नव्हती. नाना तुमच्याकडे बघत राहिले आणि मग ढसाढसा रडले. तुम्ही गेला असतात तर काकांशी काय बोलला असतात, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा अंधार पडेपर्यंत बोलत होते. दोघांनी मिळून विहीर खणली ती, सुरुंग लावताना काकांचा हात भाजला तो, एकाच बैलजोडीवर दोघांनी काढलेली वर्षं. आम्हा पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी त्यावर खूप विचार केला. 'सोडून द्या' म्हणणारे वाईट नव्हते. पण ज्या भावासाठी माणूस आतून जळतोय, तो भाऊ सोडून देण्याजोगा होता असंच त्यातून त्याला ऐकू येतं. तुम्ही नानांचं दुःख खरं मानलंत.

पश्चात्ताप हा काही आजार नाही, हेही तुम्हीच समजावलंत. पण दोन आठवड्यांच्या वर झोप आणि भूक गेली, कशातच मन लागेना, 'मी मेलेला बरा' असं तोंडी आलं, तर ते नैराश्य असू शकतं. म्हातारपणी ते बऱ्याचदा अंगदुखीच्या रूपाने बोलतं आणि त्यावर उपचार आहेत. औषधाला गुण यायला काही आठवडे लागतात हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून आमचा धीर सुटला नाही. ज्यांच्या घरात असं कोणी असेल त्यांनी मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलीमानसचा, १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

लसीकरण, गरोदर बाया, ऑनलाइन नोंदी, सगळा पसारा तुमच्या एकटीच्या डोक्यावर. त्यातून एका म्हाताऱ्याला दिलेली ती संध्याकाळ कुठल्या रजिस्टरात चढली नसेल. अशी माणसं सरकारी नोकरीत आहेत, खेड्यापाड्यांत आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

नानांची खंत गेलेली नाही. काही रात्री अजून जागतात. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलतभावाने काकांच्या नावाने घागर भरली तेव्हा नाना आपणहून त्या घरी गेले, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, स्वतःच्या हाताने ठेवलं आणि तिथेच जेवले. विहिरीची पाळीही आता पुतण्याला दिली आहे.

तुमची बदली झाल्याचं कळलं. आई म्हणते, जिथे असाल तिथून एकदा जेवायला या. खापरावरची पुरणपोळी ती अजून स्वतः करते.